हिच्याबरोबर कोण राहील?

"हिच्याबरोबर कोण राहील? हात वर करा."

रेक्टरबाईंनी हे दारातल्या मुलींना विचारलं. मी त्यांच्या टेबलासमोर उभी. अंधेरीचं कॉलेज, त्याच्याच आवारातलं मुलींचं होस्टेल. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. बाईंनी माझं आडनाव मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, गावात घर कुठं? मी म्हणाले, बौद्धवाड्यात.

एकही हात वर झाला नाही. रांगेत माझ्यामागे असलेल्या रत्नागिरीच्या मुलीनं मघाशीच मला डब्यातला लाडू दिला होता. ती आता स्वतःच्या चपला बघत होती.

"बघितलंस? माझं काही नाही गं. मुलीच तयार नाहीत. जिन्याखाली खोली आहे, एकटी राहा. तुलाच बरं."

मामा सोबत आला होता. त्यानं हात जोडले. "चालंल बाई. पोर कुठंबी झोपंल."

त्याचा राग आला. पण तो तरी काय करणार? जोगेश्वरीत त्याची एकच खोली. मी आल्यापासून मामेभाऊ बाहेर बाकड्यावर झोपत होता, मामी माझ्याशी धड बोलत नव्हती. गावी परत जावं तर बापानं स्थळ बघून ठेवलेलं. कुठूनही वाट नाही.

शिपायानं खोली उघडली. खिडकी नाही. मोडक्या खाटा, फिनेलचा वास. डोक्यावर मुली हसत जिना चढत होत्या. मी ट्रंक खाली ठेवली. खरंच ठेवली.

तेवढ्यात मामानं कोपऱ्यातला झाडू उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. वाकला, झाडायला लागला.

मी त्याचा हात धरला.

"मामा, ठेव तो."

"अगं, घाण हाय."

"असू दे. मी इथं राहत नाही."

बाईंकडे परत गेले.

"मला वरच्या खोलीत खाट पाहिजे. सगळ्यांसारखी."

"कुणी तयार नाही म्हटलं ना?"

"दुसऱ्या कुठल्या मुलीसाठी हात वर करायला लावलेत?"

बाई लाल झाल्या. "मग राहा बाहेर!"

राहिले. मामीचे टोमणे खाल्ले. रोज कॉलेज सुटलं की बाईंच्या दारात उभी राहायचे. शिपाई हाकलायचा. मी दुसऱ्या दिवशी परत हजर. वर्गातल्या मुली मला बघून कुजबुजायच्या. एकदा प्राचार्य तिथून चालले होते. त्यांनी विचारलं, ही कोण? मी सगळ्यांदेखत सांगितलं, कोण ते आणि का उभी ते.

दिवाळीनंतर वर खाट मिळाली. खोलीतली मुलगी त्याच संध्याकाळी गादी गुंडाळून निघून गेली. दुसरी आली. तीही गेली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज एकदम गोड.

"आता तरी कळलं ना? कशाला हट्ट करतेस? जा खाली."

मी पुस्तकातून मान वर केली.

"मी इथंच आहे, बाई. तुम्ही पुढची पाठवा."