दोन तास कमी

नवं मराठी राज्य झालं त्या पावसाळ्यात आम्ही सोळा बाया राळेगावच्या पुढं एका मोठ्या मालकाच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदणाला जात होतो. म्होरकी माझी सासू. नवरा वारल्यापासून घर आम्हा दोघींच्या रोजीवर होतं. माझी पोरगी तेव्हा दुसरीत. सासूनं मला बजावून ठेवलं होतं, "रोजी पुरी आहे तंवर पोरगी शाळेत. कमी झाली का माह्यासंग निंदणात." आणि ती बोलली की बोलली.

त्या साली तण कमी माजलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, कंबर वाचली. मालकाला वाटलं, तण कमी तर बायांना दिवसभर बसवायचं कायले? त्यानं आपल्या मॅनेजरला सांगितलं. हा मॅनेजर पुण्याकडचा, नवाकोरा, मराठी अशी बोलायचा की कान धुऊन ऐकावी लागे. त्यानं कागद लिहिला नि बांधावर उभं राहून वाचला, "उद्यापासून कामाचे दोन तास कमी करण्यात येत आहेत व हे आम्हांस मान्य आहे." रोजीचं त्यात अक्षर नव्हतं. तीही कापायची, हे त्यानं पोटात ठेवलं होतं.

आता आमच्याकडं घड्याळाच्या वेळेला घंटा म्हणत. तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ. निंदताना एकेका बाईनं चार तास धरायचे नि खुरपं चालवत धुऱ्यापर्यंत, वावराच्या कडेपर्यंत, जायचं. दोन तास कमी म्हटल्यावर सासूनं मालकाच्या बंगल्याकडं तोंड करून हात जोडले. "भलं होवो बाप्पा त्याचं," म्हणाली. पंधरा अंगठे पटापट उमटले. मी चौथी पास, माझी सही. शाळेत साठ मिनिटांचा तास मी घोकला होता. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाया ओळीच समजल्या तर दिवस पुरा नि रोजीही पुरी; पोरीची पाटी डोळ्यांपुढं आली आणि मी गिळून टाकलं. लाज वाटली का? नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोनदोनच तास धरले, मधले दोन सोडले. चार वाजता मॅनेजर मनगटावरचं घड्याळ बघत आला. "चला, उठा आता."

"काहून?" सासू म्हणाली. "दिवस आहे अजून."

"अहो बाई, दोन तास कमी केलेत ना!"

"केलेच आहे ना भाऊ. हे पाह्य, दोनच धरले."

त्यानं मागं पाहिलं. अर्धं वावर निंदलेलं, अर्धं तसंच. बिचारा एकेकीसमोर वाकून घड्याळ दाखवू लागला. बाया घड्याळाचं कौतुक करत होत्या. एकीनं विचारलं, हे लग्नात भेटलं का? तो लाल झाला. आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो नि पुरी हजेरी मांडायला लावून घरी गेलो. असं पाच दिवस चाललं. रोज चारला तो आम्हाला घरी जा म्हणून विनवायचा आणि आम्ही इमानदारीनं जागेवरून हलत नव्हतो.

सहाव्या दिवशी मालक स्वतः आला, हातात तो कागद. उरलेल्या ओळींत तण घोट्याच्या वर आलं होतं. तो सरळ माझ्यापुढं उभा राहिला. "तू शिकलेली आहेस. सांग यायले, तास म्हंजे काय. आणि दिवस कमी तं रोजीही कमी, हेही सांग. तुमी सगळ्यायनं कबूल केलं आहे."

सगळ्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. सासू तर खुरपं धरून थिजलीच. मी खुरपं खाली ठेवून उभी राहिले. म्हटलं, "मालक, शाळेत तास म्हंजे घंटा. पण या बायायले तुमी शाळेत नाही, वावरात विचारलं. आमी ओळीवर अंगठा देल्ला, रोजीवर नाही. रोजी कमी कराची असन तं तसं लिहा, या बायायच्या बोलीत वाचून दाखवा, मंग पाहू कोण अंगठा देते."

मालकानं कागदाकडं पाहिलं, मग सोळा जणींकडं. कोणीही हात पुढं केला नाही. तो तणाकडं पाहत पुटपुटला, "धरा चारचार," आणि निघून गेला. मॅनेजर मागं राहिला, कारण त्याची चप्पल चिखलात रुतली होती.

परतताना सासू नाल्यापाशी थांबली. "तुले पयल्याच दिवशी समजलं होतं ना वं?"

"हो."

मला वाटलं, आता ही उभी सोलते. पुढं चालता चालता ती म्हणाली, "चार वर्गात एवढं येते? मंग पोरीले सातवीपोत जाऊ दे. माही कंबर आहे अजून."