जोगळेकरांची न तुटणारी दोरी

मासे पकडायचा नाद असलेल्या माणसाच्या घरात मासे कमी आणि किस्से जास्त साठतात. मासा फ्रिजमध्ये ठेवला तरी दोन दिवसांत वास मारतो. किस्सा मात्र वर्षानुवर्षं टिकतो, वर दर वेळी वजनाने वाढतो! आमच्या टोळक्याकडे असे ढिगाने आहेत. या हिवाळ्यातले तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टोळकं म्हणजे आम्ही तिघंच. मी भोपाळला, साकेत नगरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. जोगळेकर मूळचे पुण्याचे. एका सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये त्यांनी जन्मभर सळ्या ताणून तोडल्या आणि रिटायर झाले. तिसरे धोटे साहेब, नागपूरचे, सिंचन खात्यात इंजिनिअर. मार्चअखेर तेही रिटायर होणार होते आणि शिवाजी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नागपूरला मुलाकडे जाणार होते.

जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. केरवा डॅमवर सगळी नोकरी गळ टाकूनही त्यांनी तळहातापेक्षा मोठा मासा कधी घरी नेला नव्हता. धोटे वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमचे हे दर रविवारी पाण्याले भेटून येतात!" एकदा तरी हिच्यासमोर मोठा कटला मासा आपटायचा आणि मगच भोपाळ सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

*

धोटे साहेबांचा विश्वास तंगुसावर. तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, तीही जाडजूड. जोगळेकरांची दोरी ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे वेणीसारखे विणलेली. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती पुष्कळ बारीक असते.

धोटे साहेबांना ते पटायचंच नाही. "अहो, इतक्या बारीक धाग्यानं तं शर्टाचं बटन नाही टिकत! मासा काय टिकन?"

"साहेब, जाडी आणि ताकद वेगळी. पाकिटावरचा आकडा वाचा."

"मी धरणं बांधली जी! आकडे मले नका सांगू. जाड भिंत टिकते, पातळ वाहून जाते!"

यावर जोगळेकर म्हणाले, "तुमच्या खात्यात दोन्ही वाहून गेल्याचं ऐकलंय." पुढचे दोन रविवार बोलणं बंद.

*

शेवटी टेस्ट घ्यायची ठरली. धोटे साहेबांच्या गॅलरीच्या कठड्याला दोन्ही दोऱ्या बांधल्या आणि दोन्हीला पाण्याने भरलेली एकेक बादली लटकवली. ज्याची दोरी तुटेल तो हरला.

तंगूस तुटलं नाही, पण ताणलं जायला लागलं. बादली हळूहळू खाली उतरली आणि खालच्या मजल्यावरच्या सक्सेनाजींच्या खिडकीसमोर येऊन थांबली. ते तिथे दाढी करत होते. ब्रेडेडवरची बादली मात्र तसूभरही हलली नाही. जोगळेकर छाती पुढे काढून उभे राहिले.

तेवढ्यात ब्रेडेडची गाठ सुळकन सुटली. ती दोरी गुळगुळीत, तिला गाठ वेगळी मारावी लागते. बादली थेट सक्सेनाजींच्या स्कूटरवर!

"दोरी तुटली नाही, गाठ सुटली!" जोगळेकर ओरडले.

"माझी तं गाठही नाही सुटली!" धोटे साहेब ओरडले.

खालून अर्धी दाढी केलेले सक्सेनाजी अगदी शांतपणे म्हणाले, "भाई साब, आप लोग मछली बाज़ार से क्यों नहीं ले आते?"

*

आता स्वेटरचं सांगितलं पाहिजे.

धोटे साहेबांची एक पक्की समजूत होती. गळाच्या वर किरमिजी लोकरीचा गोंडा बांधला की कटला येतो. लोकर कुठून आणायची? वहिनी त्यांच्यासाठी त्याच रंगाचा स्वेटर विणत होत्या. साहेब दर शनिवारी गुंड्यातून मूठभर लोकर गुपचूप कापून घ्यायचे. आम्हा दोघांना शपथ घातली होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. डाव्या बाहीला लोकर पुरली नाही, कोपरापाशीच संपली. आणि त्या रंगाची लोकर पुन्हा मिळेना. वहिनींनी लोकरवाल्यावर वजनात मारल्याचा आळ घेतला आणि भांडायला नवऱ्यालाच पाठवलं.

साहेब मला घेऊन गेले आणि भांडलेसुद्धा! असे भांडले की आजूबाजूचे दुकानदार जमा झाले. बिचारा लोकरवाला कुराणाची शपथ घेत होता. साहेब त्याला सुनावत होते, "शर्म आनी चाहिए! किसी की बीवी की मेहनत है ये!"

परत येताना मी म्हटलं, "साहेब, काय हे?"

"मनापासून नसतो भांडलो तं तिले शक आला असता," ते म्हणाले. पण त्या दुकानावरून जायचं असलं की तेव्हापासून ते रस्ता ओलांडायला लागले. अर्ध्या बाहीचा तो स्वेटर मात्र मुकाट घालायचे.

*

डिसेंबरात तो कटला खरंच लागला. गोंड्यामुळे की काय, देव जाणे. पाण्याबाहेर एकदाच उसळला आणि आम्ही तिघंही ताडकन उभे राहिलो. मग त्याने एक हिसका दिला आणि तंगूस काडकन तुटलं. गळ, गोंडा, सगळं तोंडात घेऊन स्वारी गेली.

जोगळेकरांनी तुटलेलं टोक बोटात धरून पाहिलं. ते दोन उन्हाळे स्कूटरच्या डिकीत पडून कडक झालं होतं. "साहेब, तुम्ही जाडी बघितलीत. वय नाही बघितलं."

"रिटायर होणाऱ्या माणसासमोर वय नका काढू, जोगळेकर," साहेब म्हणाले. त्या दिवशी पोह्यांचा डबा त्यांनी उघडलाच नाही. मला फार वाईट वाटलं.

*

जोगळेकरांनाही देवाने दाखवलं. त्यांनी नव्या रिळावर नुसतीच ब्रेडेड भरली होती. मासा लागला, ते हँडल फिरवायला लागले. फिरवतात, फिरवतात, घामाघूम झाले, दोरी काही आत येईना.

"प्रचंड आहे! जागचा हलत नाही!"

धोटे साहेब चष्मा लावून जवळ आले. रीळ फिरत होतं, पण त्याच्यावरचं दोरीचं सगळं भेंडोळं जागच्या जागी घसरत होतं. मासा केव्हाच निघून गेला होता. ब्रेडेडखाली आधी तंगुसाचे काही वेढे घ्यावे लागतात, म्हणजे पकड बसते.

"म्हणजे पायव्यात शेवटी तंगूसच!" साहेब इतके खूश झाले, की त्याच आनंदात ब्रेडेड वापरून बघायला तयार झाले.

*

पण ती आणायला गेले एकटेच, आणि सवयीने जाडी बघून घेऊन आले! आपल्या तंगुसाएवढी जाड ब्रेडेड. तिच्याने म्हैस ओढता आली असती.

पहिल्याच फेकीत गळ बुडालेल्या झाडात अडकला. तिघांनी ओढलं. झाड हलेना, दोरी तुटेना, शेवटी काठी मोडली. साहेब वैतागून म्हणाले, "सोडा, तोडून टाकतो." आणि जन्मभर तंगूस तोडायचे तशी त्यांनी दोरी दातात धरून हिसका दिला.

पुढचा एक्स-रे मीच काढला. डॉक्टरने विचारलं, "दाँत कैसे टूटा?" साहेब बोबडं बोलले, "धागा मज़बूत था."

त्यानंतर जोगळेकर गळ्यात बारीक कात्री अडकवून यायला लागले. नवी काठी आणल्यावर साहेबांचं रीळही त्यांनीच भरलं, खाली तंगूस, वर बारीक ब्रेडेड. घरी जाऊन वहिनींना ठणकावून सांगून आले, "वहिनी, बाकी काहीही होईल. पण ही दोरी तुटली, असं धोटे साहेब सांगत आले तर विश्वास ठेवू नका. मी टेस्ट केलीय!"

*

सामान बांधायच्या आधीचा शेवटचा रविवार. वहिनी पहिल्यांदाच केरव्याला आल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं कोणाले भेटाले जातात, पाहू तं द्या!" त्या वर झाडाखाली डबे उघडत बसल्या. आम्ही खाली काठावर. साहेबांच्या अंगात पहाटेच्या गारव्यात घातलेला तोच स्वेटर, एक बाही पूर्ण, एक कोपरापर्यंत. वहिनी असल्यामुळे गोंडा अर्थातच बांधला नव्हता.

ऊन चढलं आणि लागला! काठी कमान झाली. साहेब कधी सोडत होते, कधी ओढत होते. जोगळेकर कानाशी सूचना देत होते. चहा थंड व्हायला लागेल एवढ्या वेळाने मासा थकला आणि काठाशी आला. कटला. मांडीएवढा! साहेब गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं ए! ये लवकर! पाय तं केवढा मासा!" ते वर बघून ओरडले.

वहिनी डबा टाकून, पदर खोचून उतारावरून धावत निघाल्या. "आले, आले! धरून ठेवा!"

साहेबांनी माशाचं तोंड वर केलं. ओठात आमचा नवा गळ होता. आणि त्याच्या शेजारी एक जुना, गंजलेला गळ. त्याला लोंबत होता चांगला हातभर किरमिजी लोकरीचा गोंडा.

साहेबांनी गोंड्याकडे पाहिलं. मग कोपरावरच्या बाहीकडे. मग उतारावरून येणाऱ्या वहिनींकडे.

गोंड्याचे धागे कल्ल्यात गुंतले होते, बोटांनी सुटेनात, आणि एकेक कापत बसायला वेळ नव्हता; वहिनी दहा पावलांवर आल्या होत्या. त्या मांडीएवढ्या माशाला त्यांनी कौतुकाने एकदा हात लावला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जोगळेकर, कात्री."

कच्च! दोरीच कापली. पाणी उडालं, एक मोठी लाट काठाला लागली, आणि संपलं.

वहिनी धापा टाकत पोचल्या. "कुठी आहे?"

"गेला," साहेब म्हणाले. "दोरी तुटली."

वहिनींनी रिकाम्या पाण्याकडे पाहिलं. मग वळल्या त्या थेट जोगळेकरांकडे. "काय हो भाऊजी, तुमची ती दोरी तं तुटत नव्हती ना?"

जोगळेकर, जन्मात एकदाही हार न मानलेला माणूस, कात्री पाठीमागे धरून उभे. त्यांनी धोटे साहेबांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"तुटते, वहिनी," ते म्हणाले. "तंगूसच चांगलं."