पास सकाळी जाळला

नवऱ्याचा मिलचा पास मी शेगडीत टाकला तेव्हा ते मोरीत तोंड धूत होते. पासावर प्लास्टिक होतं, म्हणून तो लगेच पेटला नाही, आधी आकसला. मी तो चिमट्याने निखाऱ्यात दाबला. वास आला तसे ते टॉवेल हातात घेऊनच आले. फोटोचा वरचा कोपरा अजून दिसत होता, कपाळाएवढा.

ते ओरडले नाहीत. शेगडीपाशी बसले आणि म्हणाले, "आता माका कोण वळखतलो?"

संपाला आठ-नऊ महिने झाले होते. ते साचेखात्यात, मागावर कापड विणायला होते. शेजारच्या खोलीतला त्यांचा सोबती आणि ते, दोघांनी त्या सकाळी परत कामावर जायचं ठरवलं होतं. पास दाखवल्याशिवाय गेटवर आत सोडत नव्हते. शेजारी बोलवायला आला, त्याने शेगडीकडे बघितलं आणि एकटाच गेला.

दुपारी पाळी सुटल्यावर, संप मोडला म्हणून त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठून मारलं. डावा डोळा गेला. तोवर आमच्या मिलच्या माणसाला कुणी हात लावला नव्हता.

त्याला बघून नवरा घरी आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, तू मला वाचवलंस. मी भाकरी थापत होते. नाही म्हणाले नाही. पुढे चाळीत, गावी, पाहुण्यांत त्यांनी हेच सांगितलं. हिला आधीच कळलं होतं, म्हणायचे. चार वेळा ऐकल्यावर मीही तसंच सांगू लागले.

मिल पुढे बंदच पडली. पुष्कळ वर्षांनी गिरणी कामगारांना घरं मिळणार असं निघालं. अर्जाला मिलमध्ये असल्याचा पुरावा हवा होता. पगाराच्या चिठ्ठ्यांत मी कोथिंबीर गुंडाळली होती आणि मिलच्या ऑफिसातले कागद कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. खिडकीतल्या माणसाने पास मागितला. यांनी हसत सांगितलं, "हिने जाळला, म्हणून तर तुमच्यासमोर उभा आहे." त्या माणसाने अर्ज परत सरकवला. शेजाऱ्याकडे पास होता. त्याला घर लागलं. आमच्या मजल्यावर पेढे वाटताना त्याने एक पेढा यांच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला. यांनी तो खाल्ला. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता आडवे झाले.

ते त्याच चाळीतल्या खोलीत वारले. शेवटच्या आजारातही भेटायला येणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे की आपला जीव हिने राखला. तेव्हा खरं बोलायला जागा होती. मी उशी नीट केली.

माझी नात माझ्याकडेच राहते, कॉलेजात आहे. ती कॉम्प्युटरवर खेळ खेळते आणि मी शेजारी बसून भाजी निवडते. एका खेळात एक मुलगी होती. तिचं गाव आगीत जळतं, म्हणून ती घड्याळ उलटं फिरवून मागच्या काळात जाते आणि आग लागूच देत नाही. नात खूश झाली. मी विचारलं, आग लागलीच नाही, तर ही मागे आली कशाला?

ती हसली. म्हणाली, आजी, यावरून नेटवर लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. मी विचारलं, खेळ बनवणाऱ्यांनी काय सांगितलं? काहीच नाही, म्हणाली, ज्याचं त्याने ठरवायचं. मी म्हटलं, मग त्यांनाच ठाऊक नसणार. चौथी शिकलेल्या बाईला दिसतं ते त्यांना दिसत नाही होय.

त्यानंतर ती गोष्टींतली अशी भोकं शोधायलाच लागली. एके दिवशी पासाची गोष्ट मी तिला पुन्हा सांगितली, नेहमीसारखी. तिने हातातलं थांबवलं.

"आजी, पास तू सकाळी जाळलास ना?"

"हो."

"आणि मारलं दुपारी. मग मारतील हे तुला सकाळी कसं कळलं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. यांनीही नाही. त्यांनी ते भोक स्वतःच बुजवून टाकलं होतं.

मी तिला खरं सांगितलं. तेव्हा मी खाणावळ चालवायची. गावी न गेलेले सहा जण माझ्याकडे जेवायला होते, सगळे संपातले. आदल्या दिवशी त्यातल्या एकाने ताट सरकवून विचारलं, "वहिनी, उद्या दादा आत गेले तर आम्ही कुणाकडे जेवायचं तेवढं सांगून ठेवा." बाकीचे मान खाली घालून जेवत राहिले. माझ्या हातचं कुणी टाकून उठलं नव्हतं. ती सहा माणसं माझ्या दारातून उठून दुसरीच्या दारात गेलेली मला सोसली नसती. म्हणून पास जाळला. यांच्या जिवाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

नात म्हणाली, "पण आजोबा वाचले ना?"

शेजाऱ्याला एकटा बघून मारलं की दोघांनाही मारलं असतं, ते मला माहीत नाही. त्या खेळातल्यासारखं मागे जाता आलं, तरी मी पास ठेवीन की जाळीन, तेही सांगता येत नाही. यांना खरं मात्र सांगितलं असतं.

त्या सकाळी खोलीत आम्ही तिघं होतो. नवरा, मी आणि गोधडीत झोपलेली आमची मुलगी, नातीची आई. त्यातल्या आम्ही दोघीच उरलो आहोत; ज्यांना सांगायला हवं होतं ते नाहीत.