रुमालाखालचा हात

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझा विश्वास बसला नाही, आणि हे मी रीत म्हणून लिहीत नाही. कोणीतरी टवाळी करतंय असंच वाटलं. फोन ठेवून मी त्याच्या शेजाऱ्याला फोन लावला, खात्री करून घेतली. दत्तूनेही तेच केलं असतं. तो आष्ट्याचा, हळदीचा अडत्या. मी साताऱ्याहून येऊन सांगलीत रुजलेला खरेदीदार. हळकुंड मोडून हुंगल्याशिवाय आम्ही सख्ख्या भावाचाही माल घेतला नसता.

आमच्या उमेदीत हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांनी रुमालाआड हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतीच्यांना पत्ता लागायचा नाही. तोंडाने काहीही थापा मारा, रुमालाखाली मात्र खोटं सांगायचं नाही, हा बाजाराचा दंडक. पुढे उघड सौदे निघू लागले, पण आमची खोड गेली नाही. गेल्या वर्षी सहल कंपनीबरोबर इटलीला गेलो तेव्हाही दत्तूच्या खांद्यावर तो चौकड्यांचा रुमाल होताच. एक बोट दाबलं की माल खोटा, मूठ आवळली की खरा, एवढं विमानातच ठरलं होतं. रोममध्ये गाइड पडक्या दगडांच्या गोष्टी रंगवून सांगत होता आणि इकडे माझं बोट दाबून दाबून दुखायला लागलं. पिसाच्या मनोऱ्यापुढे सगळे फोटो काढत असताना दत्तू मनोऱ्याचा पाया निरखत उभा. फ्लोरेन्सच्या चौकात त्या उंच नग्न पुतळ्याभोवती ही गर्दी, आणि हा म्हणतो, "ह्यो असली न्हाई गड्या." मी गाइडला विचारलं. अस्सल पुतळा संग्रहालयात आहे, ही नक्कल, असं त्याने शांतपणे कबूल केलं. दत्तू दिवसभर मिशीत हसत होता.

पण त्याच फ्लोरेन्समध्ये मला दत्तूचाच संशय यायला लागला. आमच्या गटात वाईच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. नाश्त्याला हा त्यांच्या टेबलाशी, बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर, आणि मी जवळ गेलो की दोघेही हवापाण्यावर बोलायला लागायचे. सिएनाच्या चढावर तो सारखा थांबायचा, आणि थांबला की भिंतींचा रंग बघतोय असं दाखवायचा. भिंतीत एवढं काय असतं? माझ्याविषयी काही चाललंय, नाहीतर दुकानाचं काहीतरी शिजतंय, असं मनाने घेतलं. व्हेनिसला जेवायला बसलो तेव्हा मी टेबलाखाली रुमाल धरला आणि हात पुढे केला. त्याने हात दिला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा. नुसतं म्हणाला, "काय न्हाई रं, जेव तू." मला ते फार लागलं. परतल्यावर मीही त्याच्या दुकानाची वाट टाकली, त्यानेही बोलावलं नाही... आणि मग तो फोन.

दहाव्याला डॉक्टरीणबाई वाईहून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आजाराचं दत्तूला निघण्याआधीच कळलं होतं. सहल पुरी होईल ना, एवढंच तो त्यांना विचारत होता. मला सांगायचं नाही, असं वचन घेतलं होतं. "त्याला कळलं तर त्यो मला उचलून घरी घेऊन जाईल," असं दत्तू त्यांना म्हणाला होता. गेलोच असतो मी घेऊन. मला त्यांचाही आधी राग आला. माझ्यापासून लपवलं, माझ्यावर भरवसा नव्हता, हेच डोक्यात घोळत राहिलं. मग व्हेनिसचं ते टेबल आठवलं. हात दिला असता तर त्याला खरं सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने तोंडाने थाप मारली आणि हात आवरला.

परवा पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेलो. मुलाने गादीवर त्याची जागा तशीच ठेवली आहे, रुमालही घडी करून तिथेच. मुलगा चहा सांगायला बाहेर गेला. मी रुमालाखाली हात सरकवला आणि मूठ आवळली.