गैरहजर गडी मरत नाही

सावनेरच्या स्टँडवर बसची वाट पाहत उभा होतो, तेव्हा मायाचा फोन आला. "मनोजभाऊ, दादा गेला..." एवढंच बोलली ती. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मित्र सुधीर. हृदयविकाराचा झटका. पाच आठवडे झाले त्याला. त्याआधी तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो, आणि कारण सांगायची लाज वाटते. कारण होतं एक बटण.

जरीपटका वस्तीत त्याच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील वारल्यावर कपडे बेतायचं मोठं टेबल तेवढं उरलं, आणि दर रविवारी दुपारी सुधीर आणि आम्ही चौघं मित्र त्याभोवती जमून त्याचा खेळ खेळायचो. मापाच्या खाकी कागदावर तो बेटं काढायचा. गोष्ट तो सांगायचा, आपापल्या खलाशानं काय करायचं ते आम्ही ठरवायचो, निकाल फासे द्यायचे. खलाशी म्हणजे वडिलांच्या डब्यातली बटणं. माझं निळं, कोटाचं, कडेचा टवका उडालेलं. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता, पण त्या टेबलावर आम्ही कितीदा बुडालो असू, मोजदाद नाही.

बेटं तो जुन्या कथांतून उचलायचा. एकडोळ्या राक्षसाचं बेट ग्रीकांचं. खाल्लं की घराचा विसर पाडणारं फळही त्यांचंच, पण सुधीरनं त्याचा संत्रा केला. "काटोलचा माल हाय, सांभाळून खाजा," म्हणायचा. त्याचे वडील बुद्धविहारात पाली कथा सांगत. त्यांतून आलं यक्षिणींचं बेट, आणि तिथं अडकलेल्यांना पाठीवर घेऊन उडणारा पांढरा घोडा.

त्याचा स्वतःचा नियम मात्र एकच होता. गैरहजर गडी मरत नाही. जो आला नाही त्याचं बटण स्टीलच्या वाटीत जायचं. वाटी म्हणजे होडी, आणि तो तिथं झोपलेला. "माणसाले कामं असतात गा, त्याचा जीव काहून घ्यायचा?" हे तो अगदी गंभीरपणे सांगायचा.

आमचं भांडण झालं त्या रविवारी घोडा आला. त्याची अट एकच, मागे वळून पाहायचं नाही. सगळे बसले, घोडा उडाला, आणि मी म्हणालो, माझा खलाशी मागे पाहतो, कुणी राहिलं तर नाही ना. सुधीर म्हणाला, "मांगं पाह्यलं ना? मंग पडला तू."

"तुमच्यासाठीच पाह्यलं ना गा मी!"

"कथेत तसंच हाय, मी काय करू?"

चाळिशी उलटलेला माणूस मी, फासे आपटून निघून आलो. पुढे माझी सावनेरला बदली झाली आणि आयतं निमित्त मिळालं. दर रविवारी सकाळी त्याचा निरोप यायचा, 'होडी तयार हाय.' मी वाचायचो, उत्तर द्यायचो नाही. एकदा तरी द्यायला हवं होतं. त्याची माफी मागायची राहिली, आणि आता ती कुणाकडे मागू?

गेल्या रविवारी दुकानात गेलो. बाकीचे तिघं आधीच आले होते. मायानं बिस्किटाचा जुना डबा पुढे ठेवला. आत नकाशे, फासे, वाटी. वाटीत माझं निळं बटण. शेजारी सुधीरची हजेरीची वही. भांडणाच्या दिवशीचं पान काढलं. 'मनोज पडला' असं लिहून खोडलं होतं. खाली लिहिलं होतं, 'मनोज पाण्यात पडला. पोहता येते त्याले. होडीत चढून झोपला.' नंतर प्रत्येक रविवारी, तीन वर्षं, 'मनोज झोपला हाय.'

मला रडू आवरलं नाही.

"दादा तुमची वाट पाहून राहिला होता, भाऊ," माया म्हणाली.

खेळ पुढे न्यायचा असं सगळ्यांनी ठरवलं, गोष्ट मी सांगायची. पण गोष्ट सांगणाऱ्याला कधीच बटण नसायचं, त्यामुळे सुधीरचं असं त्या डब्यात काहीच नव्हतं. माया आत गेली, त्याच्या सदऱ्याचं एक पांढरं बटण कापून घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. मी माझं निळं बटण उचलून नकाशावर मांडलं, पांढरं वाटीत ठेवलं, आणि वहीत त्या दिवसाची हजेरी लिहिली. मनोज हजर. सुधीर झोपला हाय.