गाळलेला शनिवार

"मोठ्यानं वाच. मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

सकाळचा परिपाठ. प्रार्थना झाली, सुविचार झाला, मग मला पुढं उभं केलं. मी सातवीत होते. हातात कागद. अक्षर माझं, वाक्यं मुख्याध्यापक सरांची. "मी वर्गमैत्रिणीची कंपासपेटी चोरली. मला पश्चात्ताप झाला आहे. सरांनी मोठ्या मनाने मला माफ केले." मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा वाचायला लावलं.

कंपासपेटी संस्थेच्या एका संचालकांच्या मुलीची होती. झाकणावर मोराचं स्टिकर. वर्गात चाळीस दप्तरं. झडती फक्त आम्हा तिघींची झाली, देवळाली प्रवराच्या कडेच्या ख्रिस्ती वस्तीतल्या. आम्ही येशूचे झालो त्याला तीन पिढ्या उलटल्या, पण गावाला आमची जुनी जात तोंडपाठ होती. तिघींपैकी मी त्या मुलीच्या मागच्या बाकावर बसायची, म्हणून चोर मी. माझ्या दप्तरात काही सापडलं नाही. सर म्हणाले, "सापडली नाही म्हणजे घरी पोचली."

आई त्याच संचालकांच्या उसात खुरपायला जायची. संध्याकाळी तिनं विचारलं, "खरं सांग. घेतली व्हती का तू?"

"व्हय," मी म्हणाले. सगळ्या शाळेसमोर दोनदा वाचून दाखवल्यावर नाही कसं म्हणायचं? आई उठली आणि त्यांच्या ओट्यावर नाक घासून आली. पुढं दर रविवारी चर्चमध्ये ती माझ्या चोरीची माफी मागत राहिली. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाली, "देवानं माफ केलं असंल तुला."

मी आता श्रीरामपूरला एका वाचनालयात काम करते. पुस्तकं देते, घेते. ही गोष्ट मी खूपदा सांगितली आहे. शाळांत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत. लहानपणी चुकले, सरांनी शाळेतून काढलं नाही, म्हणून घडले. लोक टाळ्या वाजवायचे. सर डोळे पुसायचे. मीही पुसायची.

मग एक दिवस एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका आले आणि त्यांनी एक कादंबरी टेबलावर आपटली. "ताई, हे घ्या परत. ह्यातला सांगनाराच लबाड हाय. समदं गोड गोड सांगतो अन् नेमका एक दिवस गाळतो."

मला हसू आलं. पुस्तक घरी नेलं. सांगणारा माणूस मला तरी भला वाटला. मालकाचं कौतुक करायचा, नशिबाचे आभार मानायचा. पण एका दिवसापाशी आला की त्याची घाई सुरू. 'पुढच्या आठवड्यात' म्हणून उडी मारायचा. खोटं बोलत नव्हता, नुसतं गाळत होता. दुसऱ्यांदा वाचताना मी त्या उडीपाशी पेन्सिलीनं खूण केली. वाचनालयाच्या पुस्तकावर! यासाठी मी लोकांना फैलावर घेते. आणि हात थांबला. अशीच उडी मीही मारते. माफीनाम्यानंतरच्या शनिवारी.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. गणिताच्या तासाला त्या मुलीनं दप्तरातून कंपासपेटी काढली. तीच, मोराची. वळून माझ्याकडं पाहिलं आणि पेटी परत आत ढकलली. मी मान खाली घातली. कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. ती नाक घासून आली होती, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? तो शनिवार मी विसरले नव्हते. मी तो स्वतःला आठवू देत नव्हते.

पुस्तक मिटून मी ढसाढसा रडले. एका वाक्यानं आई मोकळी झाली असती. त्यानंतर वीस वर्षं ती माझ्याशेजारी जेवायला बसत होती. वीस वर्षं!

मागच्या रविवारी सरांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता. ती मुलगी आता वडिलांच्या जागी संचालक आहे. तिचाच फोन आला. "तुझी ती माफीची गोष्ट सांग हं. सगळे रडतात."

मी गेले. माईकपुढं उभी राहिले. व्यासपीठावर सर आणि ती शेजारी बसले होते. म्हणाले, "कंपासपेटी मी चोरली नव्हती. शनिवारी ती हिच्याच दप्तरात होती. मी पाहिली. आणि मी पाहिलं हे हिनं पाहिलं."

ती म्हणाली, "अगं, आज कशाला?" नाही म्हणाली नाही.

सर हसले. "मला असं काही आठवत नाही."

"मलाही इतकी वर्षं आठवत नव्हतं, सर."

कुणीतरी माईक बंद केला.

बरं वाटलं का? नाही. आई मातीत आहे. तिच्या लेखी मी चोरच राहिले, आणि तिला चोराची आई मीच केलं. 'व्हय' माझ्या तोंडचं होतं. ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

जिथं जिथं मी ती गोड गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या, तिथं तिथं आता परत जाणार आहे. माईक दिला तर माईकवर, नाही दिला तर दारात उभी राहून. शनिवार सांगणार. वाक्यं कुणाची होती ते सांगणार. आईला काय उत्तर दिलं, तेही सांगणार. मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू जाईपर्यंत.