बहिणीच्या ॲडमिशनचा सत्कार

बहिणीला परदेशातल्या कॉलेजनं घेतलं, हे तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावाला माझ्याआधी कळलं. मी इकडं आखातात, पाइप जोडायच्या कामावर. सुट्टी झाल्यावर मोबाइल बघितला तर गावाकडून नुसती अभिनंदनं. बहिणीचाच मेसेज नव्हता. जीव घाबरला. फोन लावला.

"दादा, घेतलंय. पण स्कॉलरशिप न्हाई."

"म्हंजे?"

"घरचे किती भरतेत असं विचारल्तं. मी खरं तेच लिहिलं. आता म्हणतेत, तुम्ही हुशार हायेत, पण बाहेरच्या देशातल्या पोरांना यंदा मदत न्हाई. पूर्ण फी भरा आन् या."

ह्याला घेतलं म्हणायचं? पंगतीला आवतण द्यायचं आन् पाटावर बसायच्या आधी ताटाचे पैसे मागायचे! मी आठवीत शाळा सोडलेली. मला इथं आणताना तिकीट कंपनीनंच काढलं, बापाची ऐपत कुणी विचारली नाही. पाइप उचलायला खांदे पाहिजे होते. ह्या कामाचे उपकार आहेतच, खोटं कशाला बोलू? त्याहून जास्त बहिणीचे. इथल्या पाट्या वाचायला तिनंच फोनवर शिकवलं, म्हणून मी टिकलो. अन् तिलाच आत घेताना बापाचा खिसा चाचपतात!

फीच्या कर्जाला बँकेनं तारण मागितलं. आमची जमीन नाही. तेवढ्यात गावानं सत्कार ठरवला.

"बापू, तिचं जाणंच होईना, सत्कार कशाचा?" मी वडलांवर ओरडलो.

"लोकांनी मंडप टाकलाय रे. न्हाई कसं म्हणू?"

आईनं मोबाइल धरला, मी इथून बघत होतो. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो मोठे, बहिणीचा कोपऱ्यात. त्यातल्या एका पुढाऱ्यानं शाल घातली, नारळ दिला. "ताई, तिकडं गेल्यावर आम्हाला विसरू नका बरं!" लोक हसले. माइक तिच्या हातात आला.

"जयभीम. माझं जाणं व्हईना. कॉलेजनं घेतलं, पण फीला पैसे न्हाईत. मुदत ह्याच महिन्यात संपती. शाली ऱ्हाऊ द्या, कुणीतरी बँकेत जामीन ऱ्हावा."

"बघू, बघू, बसून बोलू," म्हणत पुढाऱ्यानं माइक काढून घेतला आणि दुसऱ्या कुणाचं तरी भाषण सुरू झालं. बसून बोलायला मात्र कुणी आलं नाही. वडील दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. साहेब बाहेरगावी.

मुदतीच्या दिवशी बहिणीचा फोन आला. कॉलेजला नाही म्हणून कळवायचं होतं, आणि वर ते कारण विचारत होते.

"काय लिहितेस?"

"की नकार तुमचा हाये, माझा न्हाई."

मी घाबरलो. "जरा नरमीनं लिही बाई. पुढल्या वर्षी परत त्यांनाच विचारायचंय."

"विचारू की. तवा बी खरंच लिहीन. आता हे पाठवू का नको?"

माझ्या तोंडातून शिवी गेली. मंग म्हणालो, "पाठव."